‘द विटनेस’ने निराशा का केली, आणि अडकलेला खेळ पुन्हा कसा हाती घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा: ‘द विटनेस’ हा कोड्यांचा व्हिडिओ गेम सवलतीत घेतला. बेट बघून हरखून गेलो. दहा-बारा तासांनी दलदलीतल्या तुकड्यांच्या कोड्यांपाशी अडकलो. मग यूट्यूबवर उत्तरं बघत सात लेझर लावले (एकेक भाग सुटला की तिथला लेझर डोंगराकडे लागतो) आणि डोंगरात शिरलो. तिथे एकही पॅनल, म्हणजे रेघ ओढून सोडवायचा कोड्याचा फलक, स्वतःहून सुटेना, तेही बघूनच सोडवलं, आणि शेवट पाहून फसवल्यासारखं वाटलं. गोष्ट नाही, बक्षीस नाही, संगीतसुद्धा नाही. लोक याला कलाकृती म्हणतात ते कशाच्या जोरावर, आणि माझं नेमकं काय चुकलं?

उत्तराचे दोन भाग पडतात. दलदलीत अडकण्यापासून डोंगरात हात टेकण्यापर्यंतची निराशा बेटावर फिरण्याच्या क्रमामुळे आणि मदत घेण्याच्या पद्धतीमुळे आलेली आहे, आणि ती दुरुस्त होते. शेवटाबद्दलची आणि आणखी तीन-चार गोष्टींबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. तिथे गेम कमी पडतो आणि त्याचा दोष तुम्ही स्वतःकडे घ्यायचं कारण नाही.

आधी पार्श्वभूमी. हा गेम २६ जानेवारी २०१६ रोजी विंडोज आणि प्लेस्टेशन ४ वर आला, किंमत ४० डॉलर. बनवणारी कंपनी थेक्ला, आणि तिचा प्रमुख जोनाथन ब्लो. २००८ मधल्या ‘ब्रेड’ या आपल्या आधीच्या गेमच्या कमाईतून त्याने हे काम सुरू केलं आणि पूर्ण व्हायला सहा-सात वर्षं लागली. ‘नुसत्या रेघा ओढायचे ४० डॉलर?’ हा आक्षेप पहिल्या दिवसापासून आहे. आकडे बघितले तर माल कमी नाही. सेव्ह फाइलच्या नावापुढे जास्तीत जास्त ५२३ + १३५ + ६ असा हिशेब लागतो. ५२३ ही पॅनलं, ६ हे बेटावरचे काळे दगडी खांब, आणि १३५ म्हणजे काय ते पुढे येईल. बहुतेक निराश खेळाडूंना त्या १३५चा पत्ताच लागलेला नसतो.

या बेटावर एकही नियम लिहून सांगितलेला नाही. नियम शिकवण्याचं सगळं काम पॅनलांच्या रांगा करतात. एक रांग म्हणजे एक धडा. पहिलं पॅनल इतकं सोपं असतं की चुकायला जागाच नसते. दुसरं तुमचा अंदाज पक्का करतं. तिसरं किंवा चौथं पॅनल मुद्दाम असं रचलेलं असतं की अंदाज चुकीचा असेल तर तिथे तो मोडलाच पाहिजे. अख्ख्या धड्यात महत्त्वाचं पॅनल हेच, आणि माणूस यूट्यूबकडे वळतो तोही नेमका इथेच.

काळ्या-पांढऱ्या चौकोनांचं उदाहरण घ्या. सुरुवातीच्या अंगणाचं फाटक उघडून बाहेर आलं की जवळच यांची रांग आहे. पुष्कळ जण मनाशी नियम धरतात, ‘रेघ काळ्या आणि पांढऱ्याच्या मधून गेली पाहिजे.’ पहिली काही पॅनलं या समजुतीवर सुटतात. खरा नियम असा की रेघेने पडलेल्या कोणत्याही एका कप्प्यात दोन रंगांचे चौकोन एकत्र असता कामा नयेत. दोन्ही चौकोन शेजारी असतील तर दोन्ही नियमांचं उत्तर एकच येतं. त्यांच्या मध्ये रिकामी घरं आली की पहिला नियम काहीच सांगू शकत नाही. इथे व्हिडिओत बघून रेघ उतरवली की पॅनल उजळतं, पण चुकीचा नियम डोक्यात तसाच राहतो आणि पुढच्या प्रत्येक जागी नडतो. डोंगरात सगळी चिन्हं एकत्र आली तेव्हा काही सुटेना, त्याचं मूळ इथे आहे.

कप्पा कसा पडतो हे पक्कं माहीत हवं, कारण अर्धा गेम त्यावर उभा आहे. रेघ पॅनलच्या कडेला एका जागी सोडून आत गेली आणि दुसऱ्या जागी कडेला परत टेकली, तरच पॅनलचे दोन कप्पे होतात. नुसती मध्ये शिरून वळलेली रेघ काहीही वेगळं करत नाही. यातून एक फार कामाची युक्ती निघते. वेगवेगळ्या रंगांचे दोन चौकोन एकमेकांना चिकटून असतील, तर त्यांच्या मधली छोटी रेघ उत्तरात असलीच पाहिजे. अशा सगळ्या जागा आधी वहीत गडद करून घ्या, मग त्या जोडत जा. निम्मं उत्तर आपोआप तयार होतं. रेघ स्वतःला कुठेही छेदू शकत नाही, हे ठिपक्यांच्या रांगोळीचा हात असलेल्यांना विशेष अवघड जातं. तिथे रेघ खुशाल ओलांडून जाते, इथे एकदा गेलेल्या बिंदूवर परत येता येत नाही.

चुकीची रेघ ओढली की ज्या चिन्हांचा नियम मोडला ती लाल लुकलुकतात. याकडे कोणी नीट बघत नाही, आणि गेम जी काही मदत करतो ती एवढीच. म्हणून अडलात तर ‘बरोबर’ रेघ शोधू नका. मुद्दाम चुकीची, पण एकाच बाबतीत वेगळी अशी रेघ ओढा आणि काय लाल होतं ते बघा. पाच-सहा अशा चाचण्यांत नियम उघडा पडतो. अंदाजपंचे सुटू शकतील अशा काही रांगांमध्ये चूक झाली की पॅनल विझतं आणि आधीचं पुन्हा सोडवावं लागतं. अनेकांना ही शिक्षा वाटते. ती ठोकताळ्यांना लावलेली खीळ आहे.

आता दलदल, कारण बहुतेकांची गाडी इथेच रुतते. तिथली चिन्हं म्हणजे छोट्या चौकटींचे तुकडे, टेट्रिसमधल्यासारखे. नियम: चिन्ह ज्या कप्प्यात आहे त्या कप्प्याचा आकार अगदी त्या तुकड्याएवढा झाला पाहिजे. समजा पॅनल चार बाय चार घरांचं आहे. सुरुवात डावीकडे तळाच्या कोपऱ्यात, शेवट उजवीकडे वरच्या कोपऱ्यात. डावीकडच्या उभ्या रांगेतल्या एका घरात चार चौकटींचा उभा तुकडा काढलेला आहे. उत्तर असं: तळाच्या कडेने एक घर उजवीकडे, तिथून सरळ चार घरं वर, मग वरच्या कडेने तीन घरं उजवीकडे. डावीकडे चार घरांचा उभा कप्पा सुटा झाला. आता तेच चिन्ह त्या रांगेतल्या सगळ्यात वरच्या घरात असतं किंवा तळाच्या घरात असतं, तरी उत्तर हेच. चिन्ह कप्प्याच्या कोणत्याही घरात असू शकतं. ते तुकड्याचं वरचं टोक किंवा मधला भाग दाखवतं अशी समजूत करून घेतल्यामुळे जितके लोक अडतात, तितके दुसऱ्या कशाने अडत नाहीत.

एका कप्प्यात दोन तुकडे आले तर दोघांना मिळून तो कप्पा काटेकोर भरता आला पाहिजे. तीन चौकटींचा कोपरा आणि एक सुटी चौकट मिळून दोन बाय दोनचा चौकोन होतो, म्हणजे कप्पा चार घरांचा. तुकडे कप्प्यात कुठेही सरकवता येतात, मात्र सरळ काढलेला तुकडा फिरवता येत नाही. तिरका काढलेला असेल तरच फिरवायची मुभा. आरशातल्यासारखा उलटवता तर कधीच येत नाही. डोळ्यांना हा फरक पटकन दिसत नाही, म्हणून कागद हवा. चौकटीच्या वहीचं पान घ्या, प्रत्येक तुकडा कात्रीने कापा, एका बाजूला फुली मारा. फुली वर राहील अशीच मांडणी करायची, म्हणजे नकळत उलटवला जात नाही. सरळ तुकड्यांवर वरच्या दिशेने बाण काढा.

रेघ ओढण्याआधी मोजणी करा. कप्प्यातल्या सगळ्या तुकड्यांच्या चौकटींची बेरीज म्हणजे त्या कप्प्यातली घरं. तीन आणि चार असतील तर सात घरं, सहाही नाहीत आणि आठही नाहीत. हा हिशेब आधी केला की वीस शक्यतांतून तीन-चार उरतात. पुढे निळे पोकळ तुकडे येतात, ते वजा होतात. पाच चौकटींच्या तुकड्यातून एक पोकळ चौकट गेली की कप्पा चारचा. बेरीज आणि वजाबाकी पूर्ण सारखी होऊन शून्य उरलं तर त्या कप्प्याला आकाराचं बंधनच राहत नाही. हे स्वतःला सुचणं अवघड आहे, आणि ते ठाऊक नसल्यामुळे दलदलीचा शेवटचा टप्पा अन्यायाचा वाटतो.

दलदलीत आणि झाडांवरच्या घरांपाशी आणखी एक गोष्ट छळते. पॅनल उजळतं, कोडं सुटलेलं असतं, पण पूल भलतीकडे जातो. तिथे रेघेचा आकार पुलाला दिशा देतो. एकाच पॅनलला एकाहून जास्त बरोबर उत्तरं असतात आणि तुम्हाला हवा तो रस्ता त्यातल्या एकानेच उघडतो. पॅनल सुटल्यावर काहीच घडलं नाही असं वाटलं तर त्याच पॅनलवर दुसरं उत्तर काढून बघा.

बाकीची चिन्हं पटकन सांगतो. काळा ठिपका म्हणजे रेघ त्यावरून गेलीच पाहिजे. चांदणी म्हणजे त्या कप्प्यात तिच्या रंगाची बरोबर दोनच चिन्हं हवीत, ती स्वतः आणि आणखी एक. ते दुसरं चिन्ह चांदणीच असलं पाहिजे असं नाही, त्याच रंगाचा चौकोन किंवा तुकडाही चालतो. झाडांवरच्या घरांत निम्मे लोक याच समजुतीत फसतात. खाणीत तीन पायांचं पांढरं चिन्ह भेटतं. ते आपल्या कप्प्यातली एक चूक खोडतं. अट अशी की खोडायला चूक असलीच पाहिजे, कप्पा आधीच निर्दोष असेल तर ते चिन्हच चूक ठरतं. त्यामुळे तिथे कोड्याचा विचार उलटा करायचा: कोणतं चिन्ह बळी दिलं तर बाकीची सोपी होतील? त्रिकोण बेटावर सुट्या सुट्या पॅनलांवर विखुरलेले आहेत. घराच्या जितक्या बाजूंना रेघ लागते तितके त्रिकोण. त्यांची खरी गरज डोंगराखालच्या गुहांमध्ये पडते, तोवर काळजी नको.

सममितीच्या बेटावर एका वेळी दोन रेघा चालतात, आणि काही ठिपके निळ्या रेघेचे तर काही पिवळीचे असतात. दोन्हींकडे एकदम लक्ष ठेवायला गेलं की गोंधळ होतो. पिवळे ठिपके त्या पॅनलच्या सममितीप्रमाणे उलटवून निळ्या बाजूला वहीत उतरवून घ्या. मग एकच रेघ काढायची उरते.

आता क्रमाबद्दल. बेट सगळीकडून मोकळं आहे आणि गाव जवळजवळ मधोमध आहे, त्यामुळे लोक लवकरच गावात पोहोचतात. गावातल्या पॅनलांना बेटावरचे बहुतेक सगळे नियम लागतात. तिथे दोन तास डोकं आपटून ‘आपल्याला जमत नाही’ असं ठरवणारे फार आहेत. त्यांना ते धडे मिळालेलेच नसतात. वहीत एक पान राखून ठेवा, ‘न शिकलेली चिन्हं’. अनोळखी चिन्ह दिसलं की जागा लिहायची आणि पुढे जायचं.

सोयीचा क्रम असा बसतो. अंगण, बाहेरच्या ठिपक्यांच्या आणि चौकोनांच्या रांगा, काचेचा कारखाना, तिथून सममितीचं बेट, आणि सफरचंदांची बाग. ही सगळी ठिकाणं सुरुवातीच्या आसपास आहेत. त्यानंतर वाळवंटातलं भग्न मंदिर, सावल्यांची झाडी, मठ. मग किल्ल्यातले झुडपांचे चक्रव्यूह. चिन्हांनी थकलात की यातलं एखादं घ्यावं, कारण तिथे चिन्हं जवळपास नाहीत, नुसती नजर लागते. मग दलदल, खाण, झाडांवरची घरं, बंकर, जंगल. गाव सगळ्यात शेवटी.

नजरेच्या ठिकाणी होणारी चूक एकच: पॅनलकडे बघत बसणं. बागेत उत्तर पॅनलमागच्या झाडावर आहे, ज्या फांदीला सफरचंद आहे तिथे रेघ गेली पाहिजे. पुढे फांदी तुटून जमिनीवर पडलेली असते, ती मनात परत झाडाला जोडायची. वाळवंटात पॅनल कोरं दिसतं. सूर्य पॅनलच्या काचेत चमकेल अशा कोनात उभं राहिलं की ओरखडे उमटतात. सावल्यांच्या झाडीत एका गटात सावली टाळायची असते, दुसऱ्यात सावलीवरूनच जायचं असतं. पहिल्या गटाची सवय घेऊन दुसऱ्यात गेलं की हमखास चुकतं. मठात पॅनल आणि खिडकीबाहेरची झाडं एका रेषेत येतील अशी जागा शोधावी लागते. बेटाच्या रचनेत वास्तुरचनाकार आणि भूदृश्यरचनाकारांना मुद्दाम सोबत घेतलं होतं, आणि त्याचं फळ या ठिकाणी दिसतं: एकही झुडूप फक्त शोभेसाठी नाही. याला कलाकृती म्हणण्याचं पहिलं कारण माझ्या मते हेच. चित्र सुंदर आहे म्हणून नाही, चित्र नीट वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही म्हणून.

सात लेझरचा सापळा स्वतंत्रपणे सांगायला हवा. बेटावर लेझर अकरा आहेत आणि डोंगर उघडायला सात पुरतात. सममितीचं बेट, वाळवंट, सावल्या, मठ, किल्ला, जंगल आणि बंकर हे सात लावले तर तुकडे आणि चांदण्या न शिकताही डोंगराचं दार उघडतं. आत मात्र सगळी चिन्हं एकमेकांत मिसळून येतात. दार उघडं म्हणजे तयारी झाली असा अर्थ माणूस साहजिकच घेतो, आणि गेम त्याला कुठेच सावध करत नाही. माझ्या दृष्टीने ही रचनेतली उणीव आहे. उपाय म्हणून सात झाले तरी आत जाऊ नका. दलदल, खाण आणि झाडांवरची घरं ही तीन जमली की मगच डोंगर.

आता गेमच्या खऱ्या दोषांकडे वळू.

जंगलातली पॅनलं पक्ष्यांच्या आवाजावर चालतात. स्वर उंच की खाली, त्याप्रमाणे रेघ वर-खाली जाते, आणि पुढे मुद्दाम इतर आवाज मिसळले जातात. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पडद्यावर काहीही सोय नाही. ऐकू येत असूनही स्वरातला फरक कळत नसेल तर हेडफोन लावा आणि ऐकलेलं लगेच गुणगुणा. खालचा सा, मधला ग, वरचा प असं वहीत लिहून घेतलं की रेघ समोर येते. बंकरमध्ये रंगीत काचांमुळे चौकोनांचे रंग बदलतात, म्हणून रंगांधळेपणा असलेल्यांना तिथे अडचण येते. अकरापैकी सातच लागतात, त्यामुळे ही दोन ठिकाणं सोडूनही मुख्य शेवट गाठता येतो. पण सोडून द्यायला लागणं म्हणजे सोय नव्हे, आणि या बाबतीतली नाराजी पूर्णपणे रास्त आहे.

मळमळ आणि डोकेदुखी ही दुसरी तक्रार. नजर पात्राच्या डोळ्यांतून आणि पडद्यावर स्थिर असं काही नाही, त्यामुळे अनेकांना अर्ध्या तासात गरगरतं. खोलीतला दिवा चालू ठेवा, पडद्यापासून लांब बसा, पळता पळता वळू नका आणि तीस-चाळीस मिनिटांनी उठा. पडद्याच्या बरोबर मध्यावर कागदाचा छोटा ठिपका चिकटवला तर डोळ्यांना टेकायला जागा मिळते, आणि बऱ्याच जणांना एवढ्याने फरक पडतो. डोंगरातली काही पॅनलं लुकलुकतात आणि फिरतात. तिथे कोडं वहीत उतरवून घ्यावं, वहीतच सोडवावं आणि मग एकदाच पॅनलवर रेघ ओढावी.

तिसरी तक्रार वेळेची. पवनचक्कीच्या तळाशी एक चित्रपटगृह आहे, तिथे वेगवेगळ्या चित्रफिती चालतात. त्यातल्या एका व्याख्यानाशी जोडलेलं एक कोडं सोडवायला जवळजवळ तासभर रेघ धरून थांबावं लागतं. संयम हाच या गेमचा विषय आहे असं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही. बाकी सगळीकडे तुमच्या लक्ष देण्याचं चीज होतं, इथे फक्त घड्याळ चालतं. ते कोडं खुशाल सोडा, त्यावाचून काही अडत नाही.

आणि शेवट. (अजून शेवटापर्यंत न गेलेल्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद वगळावा.) डोंगराच्या पोटातून पाळणा निघतो, तुम्हाला बेटावरून तरंगत नेतो, तुम्ही चालू केलेलं सगळं एकामागून एक बंद होत जातं आणि तुम्ही सुरुवातीच्या बोगद्यात परत येता. वीसेक तासांनंतर हे बघून पोटात गोळा येणं स्वाभाविक आहे. सेव्ह पुसली जात नाही, मेनूतून शेवटाआधीची स्थिती पुन्हा उघडता येते, पण हेही कुठे सांगितलेलं नाही. बेटावर सापडणाऱ्या ध्वनिफितींमधून कथा उलगडेल या आशेने लोक त्या गोळा करतात. बहुतेकांमध्ये आईन्स्टाईन, एडिंग्टन अशा शास्त्रज्ञांचे आणि निरनिराळ्या विचारवंतांचे उतारे वाचून दाखवले आहेत. कथा म्हणून त्यांची सांगड लागत नाही. कथेसाठी हा गेम घेतला असेल तर अपेक्षाभंग अटळ आहे, आणि जाहिरातीतल्या त्या निर्जन बेटाने आणि दगडी पुतळ्यांनी ती अपेक्षा जागवली होती हेही मान्य करायला हवं.

राहिले ते १३५. डोंगराच्या माथ्यावर, लेझर जिथे येऊन मिळतात त्या पेटीजवळ तुम्ही उभे राहिला होतात. तिथे परत जा आणि खाली नदीकडे बघा. पॅनलवरच्या रेघेचा आकार आठवा, गोल सुरुवात आणि मग पट्टा. मग तुम्ही पॅनलवर जे करता तेच तिथे, हवेत, करून बघा. याहून जास्त सांगणं म्हणजे तुमच्या वाट्याचा क्षण हिरावून घेणं. काळे खांब हेच मोजत असतात. हे एकदा दिसलं की सुरुवातीच्या अंगणातलं बंद फाटक पुन्हा बघावंसं वाटेल, आणि ते बघायलाच हवं, कारण दुसरा शेवट तिथे आहे. गेमला डोक्यावर घेणारे लोक याबद्दल बोलत असतात. पहिला शेवट पाहून थांबलेल्याला त्यांची भाषाच परकी वाटते, आणि तुमच्या प्रश्नातली निम्मी चीड त्यातून आलेली दिसते.

दिसायला सुरेख असलेल्या कोड्यांच्या गेममध्ये असा अपेक्षाभंग उलट्या दिशेनेही होतो. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ २०१४ मध्ये ४ डॉलरला आला, त्यात दहा प्रकरणं होती. फार सोपा आणि फार छोटा, अशी ओरड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आठ नवी प्रकरणं २ डॉलरला आली तेव्हा वेगळे पैसे मागितले म्हणून एक-तारा शेऱ्यांचा पाऊस पडला. चित्रावरून आत किती आणि कसलं कोडं आहे ते कळत नाही, म्हणून खरेदीआधी पहिल्या अर्ध्या तासाचा खेळ बघावा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत मिळतात. ‘द विटनेस’च्या बाबतीत दोन तासांत सममितीचं बेट आणि बाग एवढं होतं, आणि तेवढ्यावर आपल्याला रुचतं की नाही ते ठरवता येतं. रेघाच नकोशा झाल्या असतील तर ‘गोरोगोआ’ बघा, २०१७चा, हाताने काढलेल्या चित्रांचा, दोन-तीन तासांत संपणारा. कथा हवी असेल तर २०१८चा ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. तिथे तर्काचं फळ दर वेळी कथेतच मिळतं.

पुन्हा खेळणार असाल तर नवा खेळ सुरू करा. जुन्या सेव्हमध्ये सुटलेल्या पॅनलांवर व्हिडिओत बघून उतरवलेल्या रेघा तशाच दिसतात आणि त्यामुळे धडे वाया जातात. नवा खेळ घेतला तरी जुनी सेव्ह राहते. अंगणापासून दलदलीच्या दारापर्यंत यायला या वेळी तीन-चार तास पुरतील. एका पॅनलवर वीस मिनिटं गेली की उठून दुसऱ्या भागात जायचं. परत आल्यावर त्या रांगेतल्या पहिल्या पॅनलपाशी उभं राहून नियम मोठ्याने, मराठीत, एका वाक्यात म्हणायचा आणि सुटलेल्या प्रत्येक पॅनलवर तो खरा ठरतो का ते तपासायचं. एका जरी पॅनलवर तो अडखळला तर चूक तिथे सापडली. तरीही अडलात तर कोणाला तरी त्या चिन्हाचा नियम विचारा आणि उत्तराची रेघ दाखवू नकोस असं आधीच बजावून ठेवा. चौकटीची वही, पेन्सिल, कात्री आणि हेडफोन एवढं टेबलावर असू द्या.